निकालावर पैसे : एका जुन्या परीक्षेची हकिगत

शाळेची तपासणी जवळ आली म्हणजे शाळेत काय काय घडते ते तुम्हांला दुसऱ्या कोणी सांगायला नको. भिंतीवरचे फाटके तक्ते उतरतात, नवे चढतात. वह्या लाल शाईने भरून निघतात. आणि तुमच्यापैकी जे शिक्षक नाहीत, पण ज्यांची मुले शाळेत जातात, त्यांनाही हा दिवस ठाऊक असतो. कारण उद्या मुलाला शेतावर ठेवून घेऊ नका, असा निरोप आदल्या संध्याकाळीच घरी आलेला असतो. आज सांगायची आहे ती हकिगत अशाच एका तपासणीची. फरक इतकाच, की या तपासणीत प्रत्येक मुलावर रोख किंमत लावलेली होती, आणि तीही विषयवार. हा प्रकार इंग्लंडात १८६२ साली सुरू झाला आणि तीसेक वर्षे चालला. आपल्या मुंबई इलाख्यावरही त्याची सावली पडली.

हे जुने कशाला उकरायचे, असे कोणी विचारील. उकरायचे अशासाठी, की सगळ्या मुलांना एकच मोजमाप लावावे की नाही, आणि लावले तर त्या मोजमापावरून शाळेची व शिक्षकाची किंमत ठरवावी की नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. आपल्याकडे तो दर पाच-दहा वर्षांनी नव्या नावाने येतो. इंग्लंडने मात्र त्याचा एक प्रयोग अगदी शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पाहिला, आणि त्याची कागदपत्रे मागे ठेवली.

सुरुवात पाहू. इंग्लंडात गोरगरिबांच्या शाळा चालवीत ती मुख्यतः धर्मसंस्थांची मंडळे. सरकारने पहिल्यांदा पैसे दिले ते १८३३ साली, वीस हजार पौंड. पुढे तपासनीस नेमले गेले, आणि १८४६ पासून सरकार शिक्षकांच्या पगारात स्वतःची भर घालू लागले. खर्च चढत गेला. १८६१ साली तो आठ लाख पौंडांच्या वर होता. मध्यंतरी क्रिमियाची लढाई झाली होती, तिजोरीला खार लागला होता. 'एवढा पैसा जातो कुठे आणि त्यातून मुलांना येते काय?' असे पार्लमेंटात लोक विचारू लागले. प्रश्न काही वावगा नव्हता, बरं का. कराचा पैसा ज्याचा, त्याने हिशेब मागू नये असे कोण म्हणेल?

१८५८ साली ड्यूक ऑफ न्यूकॅसल यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन बसले. १८६१ साली त्याने अहवाल दिला. त्यात एक तक्रार अशी होती, की मास्तर वरच्या वर्गातल्या चार हुशार मुलांना घेऊन बसतात आणि खालची पोरे नुसती बसून असतात. त्यामुळे पुष्कळशी मुले धड वाचता-लिहिता न येताच शाळा सोडतात. ही तक्रार खरी होती की फुगवलेली होती यावर तेव्हाही वाद झाला. पण आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे, की अशी शाळा आपणही पाहिलेली असते.

त्या वेळी शिक्षण खात्याचा कारभार पाहत होते रॉबर्ट लो. माणूस बुद्धिमान, वाणी तिखट, आणि सगळ्या प्रश्नांचे उत्तर बाजारात सापडते असा विश्वास. (पुढे हेच गृहस्थ अर्थमंत्री झाले आणि १८७१ साली त्यांनी काडेपेटीवर कर बसवायला काढला. काडेपेट्या करणाऱ्या गरीब बायका-मुली रस्त्यावर आल्या, तेव्हा तो मागे घ्यावा लागला.) लो यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : आम्ही माल पाहून पैसे देऊ. शाळा चांगल्या चालल्या तर पैसा सार्थकी लागेल. चांगल्या चालल्या नाहीत तर निदान पैसा तरी वाचेल. दोन्हीकडून सरकारचा फायदा.

त्यातून १८६२ ची 'रिव्हाइज्ड कोड', म्हणजे सुधारित संहिता, निघाली. तिचा हिशेब नीट समजून घ्या. कारण सगळी मेख त्या हिशेबात आहे. तेव्हा बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. शाळेला सरासरी हजेरीतल्या दर मुलामागे चार शिलिंग मिळत. त्याशिवाय सहा वर्षांवरील प्रत्येक मुलामागे आठ शिलिंग मिळत; पण केव्हा, तर ते मूल वर्षातून दोनशेहून अधिक वेळा शाळेत आलेले असेल आणि तपासनिसापुढे वाचन, लेखन व गणित या तिन्हींत उतरेल तेव्हा. सकाळची शाळा ही एक वेळ, दुपारची ही दुसरी. एका विषयात मूल चुकले की दोन शिलिंग आठ पेन्स कापले. तिन्हींत चुकले की आठही गेले. म्हणजे बारा शिलिंगांपैकी आठ, दोन तृतीयांश रक्कम, एका दिवसाच्या परीक्षेवर टांगलेली. शिवाय हा पैसा आता थेट मास्तरच्या हाती येत नसे. तो शाळेच्या चालकांकडे जाई, आणि चालक मास्तरचा पगार ठरवीत. बऱ्याच ठिकाणी त्यांनी तो निकालावरच ठरवला. मग एखाद्या खेड्यातला मास्तर हजेरीपटाकडे पाहताना नावे पाहत असेल की शिलिंग पाहत असेल, सांगा.

मुलांच्या सहा पायऱ्या केल्या होत्या. त्यांना 'स्टँडर्ड' म्हणत. पहिल्या पायरीला लहान लहान शब्दांची गोष्ट वाचायची, सांगितलेली अक्षरे पाटीवर काढायची, वीसपर्यंत आकडे लिहायचे आणि दहापर्यंतची बेरीज-वजाबाकी. सहाव्या पायरीला वर्तमानपत्रातला साधा उतारा वाचायचा, तसलाच दुसरा उतारा श्रुतलेखनाने लिहायचा आणि बाजारहाटाच्या बिलाचा हिशेब. आपण मुलाला 'कितवीत आहेस?' असे विचारतो, त्या विचारण्याचा एक धागा इथवर जातो. आपल्याकडे स्टँडर्डला 'इयत्ता' हा शब्द रूढ झाला. इयत्ता म्हणजे 'इतकेपणा', एखाद्या गोष्टीची मर्यादा किंवा माप. शब्द ज्याने योजला त्याने फार नेमका योजला. त्याआधीच्या आपल्या पंतोजीच्या शाळेत इयत्ता नव्हती. एक पोर बाराखडीवर, दुसरे पावकी-निमकीवर, तिसरे मोडी वळण गिरवतेय, असे सगळे एकाच ओसरीवर चाले.

आता या संहितेने काय झाले ते पाहू. पैशाचे गणित लो यांच्या मनासारखे झाले. १८६५ साली सरकारी खर्च साडेसहा लाख पौंडांच्या खाली आला. काही खालच्या वर्गांतल्या मुलांकडे मास्तरांचे लक्ष गेले, हेही खरे. ज्या पोराला आजवर कोणी विचारत नव्हते त्याच्या नावावर आठ शिलिंग लागले होते. ही जमेची बाजू त्या पद्धतीच्या टीकाकारांनाही नाकारता आली नाही.

पण दुसरी बाजू वर्गात दिसू लागली. भूगोल, इतिहास, व्याकरण यांना पैसा नव्हता. ते वेळापत्रकातून निघून गेले. काही वर्षांनी या विषयांनाही पैसे लावावे लागले, तेव्हा ते परत आले. आले तेही पाठांतर होऊनच आले. वाचनाचे पुस्तक आधीपासून ठरलेले असे. मग वर्षभर तेच एक पुस्तक. मुलांना ते इतके पाठ होई, की पुस्तक उलटे धरूनही मूल घडाघडा 'वाचून' दाखवी, असे किस्से त्या काळच्या आठवणींत येतात. आजारी मुलांना शालीत गुंडाळून परीक्षेला आणून बसवल्याचीही उदाहरणे आहेत. आणखी एक नियम असा होता, की मुलाला एकदा बसवलेल्या पायरीच्या परीक्षेला पुन्हा बसवता येत नसे. त्यामुळे ज्याला पुढे पळता येत होते ते मूल वर्षाला एकच पायरी चढे. कारण दोन पायऱ्या चढवल्या तर एका वर्षाची कमाई बुडे. आणि जे कच्चे होते त्याला पाया तयार नसताना वर ढकलावे लागे.

मला यातली सगळ्यांत वाईट गोष्ट वाटते ती दोनशे हजेऱ्यांची. नियम करणाऱ्याला वाटले, यामुळे मास्तर मुलांना शाळेत आणील. काही काळ आणीलही. पण बटाटे काढायच्या दिवसांत, कापणीच्या दिवसांत जे पोर आईबापांबरोबर रानात गेले आणि ज्याचा दोनशेचा आकडा आता गाठला जाणार नाही हे दिसले, त्या पोराची त्या वर्षापुरती किंमत शून्य. त्याच्यावर मेहनत घेणारा मास्तर स्वतःच्या पदरचे खर्च करीत होता. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतणारे मूल डोळ्यांपुढे आणा. अशा मुलावर हा नियम लावला असता तर त्याला पाटी कोणी दिली असती?

या पद्धतीविरुद्ध जो माणूस सगळ्यांत ठामपणे बोलला तो त्याच खात्याचा नोकर होता. मॅथ्यू अर्नोल्ड हे नाव कॉलेजात इंग्रजी शिकलेल्यांना कवी आणि टीकाकार म्हणून माहीत आहे. पण १८५१ पासून १८८६ पर्यंत, पस्तीस वर्षे, हा कवी शाळातपासनीस होता. रेल्वेने हिंडायचे, मिळेल तिथे मुक्काम करायचा, आणि शेकडो मुलांच्या पाट्या तपासायच्या. १८६२ साली त्याने स्वतःच्या वरिष्ठाच्या योजनेवर एका मासिकात लेख लिहिला, नाव न घालता. लेख कोणाचा हे ओळखू येण्यासारखे होते. नोकरी जाण्याचा धोका होता. त्याचे म्हणणे, शाळा ही केवळ तीन विषयांचा माल तयार करणारी गिरणी नव्हे. गरिबाच्या पोराला माणसांत आणणारी तेवढी एकच जागा आहे, आणि तिच्यातला नेमका तोच भाग तुम्ही बिनपैशाचा ठरवला आहे. पुढे १८६७ च्या अहवालात त्याने अनुभवाने लिहिले, की कुशल तयारी करून घेतली तर वाचता न येणाऱ्या मुलालाही वाचनात पास करवता येते. यंत्राचा खेळ मांडलात तर त्या खेळात मास्तर तपासनिसावर मात करणारच. मला वाटते, परीक्षेवर यापेक्षा नेमके कोणी फारसे बोललेले नाही. कारण तो मास्तरांना लबाड म्हणत नव्हता. तो म्हणत होता, पोट ज्या गोष्टीवर टांगाल ती गोष्ट माणूस तयार करून देईल.

त्याआधी तपासनीस शाळेत येई तो सल्लागार म्हणून. मास्तर त्याला अडचण सांगे. आता तो हिशेबनीस झाला. ज्याच्या हातात कात्री आहे त्याच्यापुढे आपली दुखरी जागा कोण उघडी करील? ऑक्सफर्डशायरमधल्या एका खेड्यातल्या शाळेचा १८८० नंतरच्या काळातला तपासणीचा दिवस फ्लोरा थॉम्पसन या लेखिकेने १९३९ च्या आपल्या 'लार्क राइझ' या पुस्तकात वर्णन केला आहे. मुले आणि बाई दोघेही भीतीने गारठलेली. आणि खात्याच्या वरच्या मजल्यावर काय चालले होते? तपासनिसांचे अहवाल छापण्यापूर्वी त्यांतली नको ती वाक्ये गाळली जातात, असा आरोप झाला. १८६४ साली पार्लमेंटाने त्यावर निषेधाचा ठराव केला आणि लो यांनी राजीनामा दिला. पुढे चौकशी समितीने त्यांना दोषमुक्त केले. तरीही ज्याने मास्तरांना आकड्यांनी बांधले त्याचीच खुर्ची कागदावर काय ठेवायचे आणि काय गाळायचे या प्रश्नावर गेली, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

१८७० साली प्राथमिक शिक्षकांची देशव्यापी संघटना झाली. तिने ही पद्धत घालवणे हे आपले एक मुख्य काम मानले. १८८६ साली क्रॉस कमिशन बसले, साक्षी झाल्या. १८९० च्या संहितेने मुख्य गाठ सोडवली, आणि ते दशक संपेपर्यंत उरलेले धागेही गेले. कायदा गेला, सवय मात्र चटकन गेली नाही. एडमंड होम्स नावाचे मोठ्या हुद्द्यावरचे तपासनीस निवृत्तीनंतर १९११ साली पुस्तक लिहून सांगते झाले, की तीस वर्षे हुकमावर चाललेल्या मास्तरांना मोकळीक मिळाली तेव्हा तिचे काय करावे हेच कळेना. घाण्याचा बैल सोडला तरी काही वेळ गोलच फिरतो.

आता आपल्याकडे येऊ. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण घातले. त्यानंतरच्या दशकात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत ते अनुदान निकालावर मोजण्याची रीत आली, ती इंग्लंडच्या नमुन्यावरूनच. आपल्याकडच्या पुष्कळशा प्राथमिक शाळा थेट खात्याच्या किंवा लोकल फंडाच्या होत्या. त्यामुळे या अनुदानाचा जाच झाला तो मुख्यतः अनुदानित शाळांना. पण वर्षाकाठी येणारे 'दिपोटीसाहेब' आणि त्यांच्यापुढे थरथरणारा मास्तर हे चित्र सगळीकडे सारखेच होते.

१८८२ साली हंटर कमिशन बसले. त्यापुढे पुण्याहून जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, ते १९ ऑक्टोबर १८८२ चे. ते प्रत्येक शिक्षकाने एकदा तरी वाचावे. शेतकऱ्यांकडून घेतलेला पैसा त्यांच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च होत नाही, ही त्यातली मुख्य तक्रार. पण तपासणीबद्दलही ते बोलले. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग थोडा. निदान तीन महिन्यांनी यावे, आणि मधून मधून आगाऊ वर्दी न देता यावे. आणि त्याच निवेदनात, मास्तरला बारा रुपयांहून कमी पगार देऊ नये, मोठ्या गावी पंधरा-वीस द्यावेत. या दोन मागण्या शेजारी शेजारी ठेवून पाहा. लो यांना वर्षातून एका दिवसाची परीक्षा हवी होती आणि पगार तिच्यावर सोडायचा होता. फुल्यांना तपासणी वारंवार हवी होती आणि मास्तरच्या पगाराला खाली पक्की जमीन हवी होती. तपासणी दोघांनाही हवी. पण मास्तरकडे पाहण्याची नजर वेगळी.

कमिशनने काय केले? इंग्लंडचे शिक्षक या पद्धतीविरुद्ध ओरडत होते त्याच सुमारास, १८८३ च्या अहवालात, प्राथमिक शाळांचे अनुदान बऱ्याच अंशी परीक्षेच्या निकालावर ठरवावे अशी शिफारस केली. मागासलेल्या भागांना तेवढी सवलत ठेवली. तिकडे उतरलेले जोखड इकडे आणखी काही वर्षे मानेवर राहिले. ते काढायचा निर्णय झाला १९०४ साली, लॉर्ड कर्झन यांच्या सरकारच्या शिक्षणविषयक ठरावात. परीक्षांनी सगळे शिक्षण आपल्या कबजात घेतले आहे असे त्या ठरावाने स्पष्ट म्हटले. कर्झनबद्दल आपल्याकडे चांगले बोलायची रीत नाही, आणि त्याला कारणेही आहेत. पण हे श्रेय त्यांच्या खात्यावर टाकायला हरकत नसावी.

यानंतर हा प्रश्न संपला असता तर मी आज बोललो नसतो. अमेरिकेने २००२ साली कायदा करून तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा घेतली आणि ज्या शाळांचे आकडे चढत नाहीत त्यांच्यावर कारवाई ठेवली. अटलांटा शहरात २०११ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा ४४ शाळांत उत्तरपत्रिकांत गडबड झाल्याचे निघाले. १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांची नावे आली. मोठ्यांनी बसून मुलांची चुकलेली उत्तरे खोडून बरोबर केली होती. अर्नोल्डला हे वाचून नवल वाटले नसते. २०१५ साली तो कायदा बदलला. वार्षिक परीक्षा राहिली, कारवाईचा फास सैल झाला.

आपल्याकडे दोर उलट्या बाजूने ओढला गेला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवू नये असे ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीला परीक्षा घेण्याची मोकळीक दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली तसा निर्णय घेतला. मध्ये २०१५ पासून पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या; त्यांचे गठ्ठे तुम्ही वाहिलेच आहेत.

मग मोजूच नये काय? असे मी म्हणणार नाही. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना एक परिच्छेद वाचायला देते. २०१८ साली देशातल्या ग्रामीण भागात पाचवीच्या ५०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे जवळजवळ निम्म्यांना आला नाही. हे कळले ते मोजल्यामुळेच, आणि ते लपवून कोणाचे भले होणार नाही. पण त्या मोजणीत कोणत्या मास्तरचा पगार नव्हता, कोणत्या पोराचे नापास होणे नव्हते. म्हणून तिथे पुस्तक उलटे धरण्याची कोणाला गरज पडली नाही. माप आणि पैसा यांची गाठ जितकी घट्ट, तितके माप खोटे होत जाते असे माझे मत आहे; तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही बोलून दाखवण्यासारखा आहे.

जाता जाता एक. त्या १८६२ च्या संहितेने प्रत्येक शाळेला एक रोजनिशी सक्तीची केली होती. मुख्य शिक्षकाने त्यात घडलेली हकिगत तेवढी लिहायची. मते लिहायची नाहीत, असा हुकूम होता. सरकारने ती ठेवली पाळतीसाठी. आज त्या शेकडो वह्या इंग्लंडच्या जिल्हा दप्तरखान्यांत आहेत आणि गावाचा इतिहास लिहिणारे लोक त्या चाळतात. कोणत्या दिवशी बर्फ पडला, कोणत्या आठवड्यात कापणीमुळे वर्ग रिकामे होते, गोवराची साथ केव्हा आली, तपासनिसाने काय शेरा मारला, सगळे त्यांत आहे. आपल्या जिल्ह्यांतही शंभरी ओलांडलेल्या शाळा पुष्कळ आहेत. त्यांच्या कपाटांत जुने जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि शेरेबुके असतात. काही मोडीत, काही बाळबोधीत. सुट्टीत एखाद्या दिवशी ती बाहेर काढून ऊन दाखवा, वाळवी झटका, आणि वरच्या वर्गातली मुले जवळ बसवून वाचा. कोणत्या साली प्लेगमुळे शाळा बंद होती आणि कोणाच्या पणजोबाचे नाव कितव्या इयत्तेतून कमी झाले, ते तिथे लिहिलेले सापडेल.